बागेच्या बैठका

भटू दारात येऊन उभा राहिला तेव्हा प्रमिलाबाई उंबऱ्याशी बसून मजुरीवर आलेल्या साडीला टिकल्या चिकटवत होत्या. भटू पूर्वी त्यांच्या यजमानांच्या हाताखाली डाईंग मिलमध्ये होता. आता तो सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता आणि खिशाला पेन लावून हिंडत होता.

"काकू, तुमनं नाव टाकी देऊ का समितीमा?" त्याने विचारलं. "महापालिकाना साहेब म्हने, दोन बाया पाहिजे."

"कसानी समिती?"

"आपला मागे बाग व्हनार शे. मकनभाईना वावरमा."

"माले त्यामधलं काय समजस, भटू?"

"समजानी गरज नही. तुमले येवानं बी काम नही. नुसतं नाव."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. भटूने कागदावर नाव लिहिलं आणि चहाला न थांबता पुढच्या दारी गेला. गल्लीत त्याची पावलं वाजत होती तोवर त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

त्यांचे यजमान निंबा पाटील जाऊन चौथं वर्ष चालू होतं. पारोळ्याकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोडून ते दोघं लग्नानंतर लगेच सुरतला आले, आधी पांडेसऱ्याला भाड्याच्या खोलीत राहिले आणि मग बमरोलीत हे दोन खोल्यांचं घर घेतलं. गल्लीत तेव्हा सगळी खानदेशाचीच माणसं. संध्याकाळी दारोदारी चुली पेटल्या की कुणाच्या घरी कळण्याची भाकरी आहे ते वासावरून कळायचं. मग निंबा गेले. दुसऱ्या वर्षी प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीने, बसने, ट्रकच्या टपावर बसून गावाकडे पळाले. बरेचसे परत आले, काही आलेच नाहीत. शेजारची भागीरथी त्यातलीच. तिच्या दाराला तेव्हा लागलेलं कुलूप पुढे गंजून गेलं, आणि एक दिवस घरमालकाने ते तोडून खोली ओडिशाच्या कारागिरांना दिली. ती पोरं दिवसपाळी-रातपाळी करत, आळीपाळीने झोपत. त्यांची भाषा प्रमिलाबाईंना येत नव्हती आणि त्यांना बोलायला सवडही नव्हती.

मुलगा चेतन इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. बायको आणि लहान मुलगी घेऊन तो तिकडेच एका खोलीत राही. "आई, तू इकडेच ये," असं तो म्हणायचा, पण म्हणताना खोलीकडे बघायचा. एकदा त्या आठवडाभर राहूनही आल्या. सून धनश्री चलथाणच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, स्वभावाने चांगली. पण ती मुलीशी गुजरातीत बोले, शेजारणींशी गुजरातीत हसे, आणि सासूकडे वळली की चेहरा नीट करून शुद्ध मराठीत विचारे, "आई, तुम्हाला काही हवंय का?" प्रमिलाबाईंना काही नको असायचं. त्या परत आल्या.

एकटेपणाचं त्यांनी कधी कुणाजवळ रडगाणं गायलं नाही. मात्र भाजीवाला आला की कोथिंबीर घ्यायची नसली तरी भाव विचारत, मग त्याच्या बायकोचं दुखणं विचारत. साड्या न्यायला येणाऱ्या माणसाला, पुढच्या गल्लीत त्याची वाट बघतायत हे ठाऊक असून, बसवून घेत. एखाद्या दिवशी तर संध्याकाळ झाली की त्यांच्या ध्यानात येई, आज आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग त्या उगीच देवासमोर उभ्या राहून मोठ्याने स्तोत्र म्हणत.

तेव्हा भटूने यायचं काम नाही म्हणून सांगितलं होतं खरं, पण पहिली बैठक होती त्या रविवारी सकाळी प्रमिलाबाईंनी निळी साडी काढली, केस चोपून बांधले आणि बालवाडीच्या खोलीत जाऊन हजर झाल्या.

यादीतली दुसरी बाई आलीच नव्हती, आणि त्यांच्यासाठीही खुर्ची ठेवलेली नव्हती. भटू जरा गडबडला. समितीचे अध्यक्ष हसमुखभाई, ज्यांची कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, त्यांनी बसल्या बसल्या नमस्कार केला. टेबलावर नकाशा पसरून उभा असलेला एक सडसडीत तरुण मात्र चटकन पुढे झाला आणि आपली खुर्ची त्याने त्यांच्याकडे सरकवली.

"बसा, मावशी. मी नरेंद्र बैसाणे, महापालिकेतला. बागेचं काम माझ्याकडे आहे."

मराठी ऐकून प्रमिलाबाईंना बरं वाटलं. "कुठले तुम्ही?"

"उधन्याचा. वडील रेल्वेत होते. मूळ गाव धरणगावजवळ."

दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, दोन्ही हात काठीवर. ते मकनभाई. ज्या शेतात बाग व्हायची ते शेत त्यांचं. शहराची हद्द वाढली, रस्ते आखले गेले, त्यात काही तुकडे विकले गेले, आणि हा एक तुकडा बागेसाठी राखीव निघाला. मूळ मालक म्हणून त्यांना मानाने बोलावलं होतं. ते सगळ्या बैठकीत एक अक्षर बोलले नाहीत.

नरेंद्रने नकाशा समजावला. फाटक इथे, फिरायची वाट अशी गोल, इथे मुलांचे झोके. मग त्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि प्रमिलाबाईंकडे बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मावशी?"

त्यांना काय वाटतं हे किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्या गोंधळल्या, पदर सारखा केला आणि जे सुचलं ते म्हणाल्या, "बायकांना बसायला जागा फाटकापासून लांब असावी. फाटकाशी पानटपरी होईल, तिथे माणसं थुंकत उभी राहतील."

हसमुखभाई हसले, पण मान डोलावली. नरेंद्रने पेन्सिलीने नकाशावर खूण केली. घरी येताना प्रमिलाबाईंना आपली चप्पल हलकी वाटत होती. दुपारभर त्या तो प्रसंग मनात घोळवत राहिल्या. कुणाला सांगावा असं कुणी नव्हतं, म्हणून भाजीवाल्याला सांगितला.

त्यानंतरचा प्रत्येक आठवडा रविवारकडे तोंड करून उभा राहिला. सोमवारपासून त्या विचार करायला लागत, या वेळी काय बोलायचं. एका रविवारी त्यांनी पाण्याच्या नळाचं काढलं. एका रविवारी फाटकाची उंची काढली, गाई आत शिरतील म्हणून. ती गोष्ट अगोदरच नकाशात होती. नरेंद्रने ती पुन्हा शांतपणे समजावली. बैठकीत चहा यायचा, तो सगळ्यांबरोबर प्यायचा. हसमुखभाई भटूची थट्टा करायचे, त्यावर सगळे हसायचे, प्रमिलाबाईही हसायच्या. एवढंच. पण त्या एवढ्यावर त्यांचे बाकीचे दिवस निघत.

माघ सरत आला होता तेव्हा एका बैठकीत नरेंद्र नकाशाची गुंडाळी करत म्हणाला, "झालंच म्हणायचं आता. पुढच्या रविवारी सगळ्यांनी सह्या करायच्या, की मी प्रस्ताव वर पाठवतो. मार्चच्या आत मंजुरी मिळाली पाहिजे, नाहीतर वर्ष जाईल."

"मग त्यानंतर?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"त्यानंतर काय? ठेकेदार येईल, काम सुरू."

"आणि बैठक?"

"बैठकीचं काम संपलं, मावशी."

हसमुखभाई उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. प्रमिलाबाई बसूनच राहिल्या. त्यांची नजर अर्धवट गुंडाळलेल्या नकाशावर गेली. कोपऱ्यात एक लहानसं वर्तुळ होतं आणि त्यावर फुली.

"हे काय आहे?" त्यांनी घाईने विचारलं.

"जुनी विहीर आहे. ती बुजवायची."

"विहीर बुजवू नये," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. त्यांना स्वतःलाच आपला आवाज मोठा वाटला. पण आता बोलणं सुटलं होतं. "भरल्या विहिरीत माती टाकणं बरं नाही. वर जाळी बसवा. झाडांना पाणी होईल. मी सही करणार नाही."

त्या विहिरीकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ती कुठे आहे हेसुद्धा त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. त्यांना हवा होता आणखी एक रविवार.

भटूने कपाळाला हात लावला. हसमुखभाई पुटपुटले. पण भिंतीशी बसलेले मकनभाई काठीवर जोर देऊन उठले. त्यांचा चेहरा बदलला होता. ते प्रथमच बोलले.

"बेन खरुं कहे छे," ते म्हणाले. बाई खरं बोलतात. मग नरेंद्रकडे वळून गुजरातीत सांगू लागले, की ही विहीर त्यांच्या वडिलांनी खणली. दुष्काळाच्या साली सगळं गाव इथून पाणी नेई. त्यांची बायको लग्न होऊन आली ती पहिली घागर इथूनच भरून घरात शिरली. "पाणी अमृत जेवुं," ते म्हणाले. "साहेब, एक वार चाखो." अमृतासारखं पाणी, एकदा चाखून बघा.

नरेंद्रने थोडा विचार केला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी आपण जागेवरच भेटू. विहीर बघू, पाणी बघू. चांगली असली तर जाळी बसवायचं मी वर विचारतो."

त्या आठवड्यात मकनभाई प्रमिलाबाईंच्या दारी आले. फडक्यात बांधलेली वालाची पापडी आणि चार वांगी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. उरलेल्या वाफ्यातली होती. आत यायला ते तयार होईनात. दारातल्या स्टुलावर बसले आणि विहिरीबद्दल बोलत राहिले. त्यांच्या घरात आता त्या विहिरीचं नाव काढलं की सुना विषय बदलतात, असं म्हणाले. "मला वाटलं होतं, या सगळ्यात कुणालाच तिचं काही नाही. तुम्ही बोललात."

प्रमिलाबाईंना सांगावंसं वाटलं, की मी तुमच्या विहिरीसाठी नाही बोलले. पण म्हातारा इतक्या आनंदाने बोलत होता, आणि त्यांच्या दारात कुणी असं निवांत बसून कित्येक महिने झाले होते. त्यांनी चहा केला. गुजराती त्यांना समजे, त्यांची मराठी मकनभाईंना अर्धीमुर्धी समजे, आणि तेवढं पुरत होतं. ते गेल्यावर त्या पापडी सोलत बसल्या. शेंग फोडताना मनात येत होतं की हे आपण फुकटचं घेतलं.

रविवारी सगळे शेतावर जमले. शेत म्हणावं असं तिथे थोडंच उरलं होतं. एका बाजूला कुणीतरी बांधकामाचा राडारोडा आणून टाकलेला, पलीकडे मिलच्या धुराड्यांची रांग, मधे बाभळी आणि वाळलेलं गवत. मकनभाई त्यांच्या आधीच येऊन थांबले होते. त्यांनी विहिरीभोवतालचं गवत कापून जागा साफ केली होती. जुनी लोखंडी गरगडी, म्हणजे दोराची कप्पी, तेल घालून आडव्या लाकडाला बसवली होती, नवा दोर आणला होता. काठावर चिंचेने घासलेला पितळी तांब्या ठेवला होता.

"पहिली बादली मी काढणार," ते म्हणाले.

कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी टोपी सारखी केली आणि बादली खाली सोडली. गरगडी कुरकुरली. खाली कुठेतरी बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा म्हातारा प्रमिलाबाईंकडे बघून हसला. मग दोर ओढू लागला. भटू मदतीला धावला, त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

बादली वर आली. आधी वास आला. मग मकनभाईंनी ती काठावर टेकवली आणि सगळ्यांनी आत पाहिलं. पाणी तांबूस होतं, कडेने जांभळट, आणि वर तेलासारखा तवंग होता.

तो वास प्रमिलाबाईंनी लगेच ओळखला. निंबा कामावरून घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला, केसांना, नखांना तोच वास असायचा. कितीही साबण लावला तरी जायचा नाही.

हसमुखभाईंनी नाकाला रुमाल लावला. शेवटी नरेंद्र हळू आवाजात म्हणाला, "आजूबाजूच्या सगळ्या विहिरींचं असंच झालंय, दादा. मिलचं पाणी जमिनीतूनच उतरतं."

मकनभाई बादलीकडे बघत होते. त्यांनी एक बोट पाण्यात बुडवलं, वर काढलं, धोतराला पुसलं. मग बादली उचलून गवतात ओतली. तांब्या तसाच कोरडा राहिला होता, तो त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळला. दोर सोडवायला लागले तेव्हा त्यांच्या हातांना गाठ सुटेना. नरेंद्रने सोडवून दिली.

"बुजवा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी सही करते."

मकनभाई जाता जाता त्यांच्यापाशी थांबले. "बेन, तमे बहु कर्युं," ते म्हणाले. बाई, तुम्ही फार केलंत. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर प्रमिलाबाईंना सोपं गेलं असतं. काल रात्रीपर्यंत या माणसाजवळ गोड पाण्याची एक विहीर होती. आपण तोंड उघडलं नसतं तर चार ट्रक माती पडली असती, विहीर न बघताच बुजली असती, आणि ते पाणी त्याच्या मनात मरेपर्यंत गोड राहिलं असतं.

पुढच्या रविवारी बैठक चहा निवायच्या आत संपली. सह्या झाल्या, हसमुखभाईंनी पेढे वाटले, नरेंद्रने सगळ्यांशी हात मिळवले. प्रमिलाबाईंना त्याने वाकून नमस्कार केला. "काम झालं की बघायला या, मावशी." मकनभाई आले नव्हते. त्यांची सही भटू घरून घेऊन आला होता.

सोमवार नेहमीसारखा उजाडला. साड्यांचा गठ्ठा आला. मंगळवारीही आला. रविवारी प्रमिलाबाईंनी निळी साडी काढली, हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा घडी घालून ठेवली.

मग न राहवून एके दिवशी त्या गावठाणात मकनभाईंच्या घरी गेल्या. जुनं कौलारू घर, ओसरीवर हिंचका, म्हणजे कड्यांचा झोपाळा. म्हातारा हिंचक्यावर बसला होता. सुनेने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. प्रमिलाबाईंनी वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात सांगितलं. "मकनभाई, त्या दिवशी मी विहिरीसाठी बोलले नव्हते. बैठक बंद पडू नये म्हणून बोलले. मला घरी एकटीला करमत नाही. रविवार जाऊ नये म्हणून बोलले."

मकनभाईंना अलीकडे कमी ऐकू येत होतं, आणि प्रमिलाबाई भराभर मराठीत बोलून गेल्या होत्या. त्यांनी कान पुढे केला. त्यातला एक शब्द त्यांना लागला.

"रविवार?" ते म्हणाले. "हा, हा. रविवारे आवजो ने. हुं घेर ज छुं." या की रविवारी, मी घरीच असतो.

पुन्हा एकदा सांगायचं बळ प्रमिलाबाईंना आलं नाही.

पण त्या रविवारी गेल्या. पुढच्याही रविवारी गेल्या. ते हिंचक्यावर, त्या ओसरीच्या पायरीवर. विहिरीचा विषय दोघांनीही काढला नाही. मकनभाई कधी पिकांचं बोलत, कधी बैलांचं. प्रमिलाबाई पारोळ्याच्या बाजाराचं सांगत. बरेचदा दोघं गप्पच असत आणि हिंचक्याच्या कड्या तेवढ्या वाजत. सुनेला हे फारसं आवडत नसावं. पाण्याचा तांब्या ती हल्ली जरा आदळून ठेवू लागली होती. म्हणून प्रमिलाबाई एखादा रविवार गाळायला लागल्या.

जूनमध्ये असाच एक गाळून त्या गेल्या, तर ओसरीवर हिंचका नव्हता. शेजारच्या बाईने सांगितलं, धाकटा मुलगा त्यांना तापीपलीकडे आपल्या नव्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. पत्ता तिला ठाऊक नव्हता. घरात विचारलंत तर कळेल, असं ती म्हणाली. प्रमिलाबाई दारापर्यंत गेल्या. कडी वाजवली नाही. कोण म्हणून सांगणार होत्या?

बागेचं उद्घाटन दिवाळीच्या आधी झालं. मंडप पडला, भाषणं झाली, मुलांना गोळ्या वाटल्या. प्रमिलाबाई मागे उभ्या होत्या. नरेंद्र दिसला नाही. भटू म्हणाला, त्याची बदली दुसऱ्या झोनला झाली. विहीर होती तिथे आता कर्दळीचा गोल वाफा होता, लाल-पिवळी फुलं चांगली धरलेली. बायकांची बाकं फाटकापासून लांब होती.

दिवाळीत धनश्री मुलीला घेऊन दोन दिवस आली. चेतनला सुट्टी नव्हती. संध्याकाळी तिघी बागेत गेल्या. मुलगी धावत झोक्यापाशी पोचली आणि ओरडली, "बा, हिंचको नाखो ने!" आजी, झोका दे ना.

प्रमिलाबाईंनी तिला झोके दिले. हात दुखेपर्यंत दिले. मग बाकावर येऊन बसल्या.

"छान बाग केलीय हो, आई," धनश्री म्हणाली. "आमच्याकडे असं काहीच नाही. कुणी केली?"

"समितीनी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

धनश्रीने पुढे विचारलं नाही. तिचं लक्ष मुलीकडे होतं. प्रमिलाबाईंच्या मनात आलं, हिला सगळं सांगावं, म्हाताऱ्याचंही सांगावं. पण कुठून सुरुवात करायची ते त्यांना कळेना, आणि तेवढ्यात मुलगी घसरगुंडीवरून पडली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या. रिक्षा वळेपर्यंत प्रमिलाबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या. संध्याकाळी त्या बागेत आल्या. वाटेवरून बायका जोडीजोडीने भरभर चालत होत्या. बोलत येत, बोलत पुढे जात, आणि प्रत्येक फेरीला त्यांच्या बोलण्याचा वेगळाच तुकडा कानावर पडे. ओडिशाच्या पोरांपैकी दोघं गवतावर उताणे झोपले होते. हळूहळू दिवे लागले, माणसं पांगली.

पहारेकरी साखळी घेऊन आला. नवाच होता. "माताजी, बंद करना है," तो म्हणाला.

"हा, उठते," त्या म्हणाल्या. उठता उठता विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"बांदा. यूपी."

"घरी कोण कोण आहे?"

तो सांगू लागला. आई आहे, बायको आहे, म्हैस आहे. बोलता बोलता त्याने फाटकाचं एक दार लावलं, साखळी ओवली. प्रमिलाबाई फाटकाबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या, मधून मधून विचारत होत्या. मग कुलूप लागलं. त्याने किल्ली खिशात टाकली, रामराम केला आणि सायकलवर बसून निघून गेला.

त्या थोडा वेळ तिथेच थांबल्या. मग पदर खांद्यावरून घेऊन घराकडे चालू लागल्या.